पुसून टाकलेली काजळी

चाकणच्या आतल्या गल्ल्यांमध्ये मला क्लेमवाल्या मॅडम म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण मी जाते तिथे काहीतरी जळालेलं, बुडालेलं किंवा कोसळलेलं असतंच, त्यामुळे माझी स्कूटर वळणावर दिसली की लोकांच्या पोटात गोळा येत असणार. एका शेडमालकाची आई मला बघितलं की तोंडावर पदर घेऊन देवाचं नाव घ्यायची. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा.

माझं काम थोडक्यात सांगते. कारखान्यात आग लागली की विमा कंपनी नुकसान मोजायला सर्व्हेअर पाठवते. त्याला सरकारी लायसन्स असतं, कसं वागायचं याचे छापील नियम असतात. ज्याचं जळालंय त्याच्या बाजूने मात्र कुणीच नसतं. तो बिचारा पॉलिसीचं बाड उघडतो आणि दुसऱ्या पानावर झोपतो. त्याच्या बाजूने कागद करायचे, सर्व्हेअरशी बोलायचं, क्लेम मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करायचा आणि मंजूर झाला तरच आपला वाटा घ्यायचा, हे माझं काम. यापूर्वी बारा वर्षं मी एका सर्व्हेअरच्याच ऑफिसात रिपोर्ट टाइप करत होते. नुकसानीचे आकडे टेबलावर चहा पिता पिता कसे खाली येतात ते मी बघितलं होतं. एक दिवस ज्याचा आकडा मी टाइप करत होते तो माणूस बाहेर बाकावर बसलेला दिसला, आणि माझं त्या नोकरीवरून मन उडालं. चिंचवड गावठाणात एक खोली भाड्याने घेतली, बाहेर पाटी लावली. राहायला तेव्हाही रहाटणीत होते, आजही तिथेच आहे.

या बाजूने काम करणाऱ्यांना ना लायसन्स, ना नियम. त्यामुळे या धंद्यात एकेक नग भेटतात. बंबाच्या आधी पोचणारे. मालक रडत असताना कोऱ्या कागदावर सही घेणारे. जळालेल्या दोन मशीनांची चार करणारे. भंगारवाल्याकडून वेगळा हात ओला करून घेणारे. माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी आपले स्वतःपुरते नियम लिहून काढले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. बोलावल्याशिवाय जायचं नाही. लेखी पत्र असल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. खोटा कागद करायचा नाही. ज्याचं काम आहे त्याच्यापासून काही लपवायचं नाही. असे सगळे मिळून नऊ होते. मला त्यांचा भारी अभिमान होता, हे इथे कबूल करते. चारचौघांत बोलताना मी ते सांगायची संधी सोडत नसे.

ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे तो मूळचा बीडकडचा. विशीत एका कंपनीत हेल्पर म्हणून लागला, तिथेच ऑपरेटर झाला, आणि चाळिशीत नोकरी सोडून चाकणजवळ भाड्याच्या शेडमध्ये त्याने स्वतःचं काम सुरू केलं. बँकेचं कर्ज काढून घेतलेली कॉम्प्युटरवर चालणारी दोन जुनी सीएनसी मशीनं. मोठ्या कंपन्यांना लागणारे बोटाएवढे बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, तो करून द्यायचा. तो आणि एक ऑपरेटर मशीन चालवायचे, आणि त्याची बायको दुपारी डबा घेऊन यायची ती संध्याकाळपर्यंत बुश पुसून, मोजून खोक्यात भरायची. काळेवाडीचा एक मुस्लिम मेकॅनिक मशीनं बिघडली की यायचा, आणि न बिघडता सुद्धा यायचा, कारण त्याचा त्या मशीनांवर जीव होता. मशीनांचा मालक मला ताई म्हणायचा, मी त्याला भाऊ.

भाऊला दुसऱ्याच्या हाताखाली परत जायचं नव्हतं. हे त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. वीस वर्षं सुपरवायझरला विचारून लघवीला गेलो, आता मला कुणाला विचारायचं नाही, असं तो म्हणाला होता, आणि बायकोकडे बघून जरा ओशाळला होता.

आग लागली ती नवरात्रात, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. भिंतीवरच्या विजेच्या मेन बोर्डाने पेट घेतला, तिथून केबलीने जाळ मशीनांपर्यंत आला आणि दोन्ही मशीनांचे कंट्रोल पॅनल आतून जळाले. शेजारच्या शेडमधली पोरं वाळूच्या बादल्या आणि सिलेंडर घेऊन धावली. अर्ध्या तासात आग विझली. कुणीतरी बंबाला फोन केला होता, त्यांना परत फोन करून सांगितलं की विझलीय, येऊ नका. त्यामुळे बंब आला नाही आणि सरकारी कागदावर ती आग कधी लागलीच नाही. पोलिसांत साधा अर्ज दिलेला होता, तेवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिकच्या मोबाइलवरून भाऊचा मला फोन आला. कुणीतरी नंबर दिला होता. मी त्याला माझ्या पद्धतीने सांगितलं, की आधी मला नेमल्याचं पत्र सही करून मोबाइलवर पाठवा, विमा कंपनीला आजच्या आज कळवा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत शेडमध्ये कशाला हात लावू नका. तो बरं म्हणाला. पत्र दुपारपर्यंत आलं. विमा कंपनीने सांगितलं की सर्व्हेअर दसरा झाला की येईल. मीही म्हटलं, मग मी त्यांच्याबरोबरच येते. चाकण रहाटणीहून काही परदेशात नाही. त्याच दिवशी स्कूटर काढून गेले असते तर तासाभरात पोचले असते. पण आगीच्या जागी लगेच धावणारे ते वेगळे, आपण तसले नाही, अशी माझी ऐट होती. पत्र हातात आल्यावरसुद्धा ती गेली नाही.

मधे खंडेनवमी आली. जे कारखान्यात वाढले नाहीत त्यांना हे कळायला जरा अवघड आहे. आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला प्रत्येक शेड घासूनपुसून लख्ख करतात. वर्षभराचं भंगार आदल्या दिवशी टेम्पोत घालून पाठवतात, त्याच्या पैशातून कामगारांना मिठाईचा पुडा देतात. मशीनं डिझेलने पुसतात, कुणी रंगाचा हात मारतात, मग हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. ज्या मशीनवर पोट आहे ते त्या दिवशी घाण ठेवणं म्हणजे घरात दिवा न लावण्यासारखं. त्या दिवशी सकाळी मीसुद्धा माझ्या कॉम्प्युटरला फूल वाहिलं, स्कूटरला माळ घातली. आणि एका क्षणासाठीही माझ्या मनात आलं नाही की चाकणला त्या जळालेल्या शेडमध्ये आज काय चाललं असेल.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी सर्व्हेअरसाहेबांबरोबर तिथे पोचले. शेड आरशासारखी स्वच्छ होती. फरशी धुतलेली. मेन बोर्ड होता त्या भिंतीवर चुन्याचा ताजा हात. दोन्ही मशीनं पुसून चकचकीत केलेली, पॅनलचे दरवाजे बंद करून त्यांवर स्वस्तिक, आणि त्यांवरून सुकत आलेली झेंडूची माळ. जळकट वास येत होता, पण त्यात उदबत्तीही मिसळलेली होती. भाऊ हात जोडून उभा होता. त्याला वाटत होतं, साहेब येणार म्हणून आपण किती चांगलं केलं.

मी विचारलं, बोर्ड कुठे आहे, जळालेल्या केबली कुठे आहेत. भंगारात गेल्या होत्या. टेम्पो नेहमीप्रमाणे नवमीच्या आदल्या दिवशी आला, सगळं घेऊन गेला. मेकॅनिक शेजारीच उभा होता, त्याने मान खाली घातली. बोर्ड त्यानेच उतरवला होता. फरशी धुवायची होती, लटकत्या वायरींना पाणी लागलं तर कुणी चिकटेल, म्हणून. तोवर तांबं कुठे वितळलं असेल कुणास ठाऊक.

"हात लावू नका म्हणाले होते ना मी?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"व्हय ताई, म्हणाला व्हता," भाऊ म्हणाला. "पर नवमीला त्याला तसंच काळंमिट्ट ठिवू? लेकराचं तोंड धुतल्याबिगर सणाला बसवतो का आपण?"

सर्व्हेअरसाहेब वाईट माणूस नव्हते. दिवसाला चार ठिकाणी जाणारा, पाठदुखीने वाकलेला गृहस्थ. त्यांनी मशीनची पॅनलं उघडली, आत जळालेलं होतंच. पण प्रश्न जळालंय की नाही हा नव्हताच. पॉलिसीत असं लिहिलेलं असतं, की मशीन त्याच्या आतल्याच बिघाडाने जळालं तर त्या मशीनचे पैसे मिळत नाहीत. बाहेरून आग येऊन जळालं तर मिळतात. भाऊची आग भिंतीवरच्या बोर्डापासून सुरू झाली होती, म्हणजे बाहेरून आली होती, म्हणजे पैसे मिळायला हवे होते. पण बोर्ड नव्हता, केबल नव्हती, भिंतीवरचा काळा पट्टा चुन्याखाली गेला होता. आता बघणाऱ्याला दिसत होती ती फक्त आतून जळालेली दोन मशीनं. हे मी भाऊला तिथेच, मशीनवर बोट ठेवून, सावकाश समजावून सांगितलं. त्याला ते कळलं. चेहरा उतरत गेला त्यावरून कळलं.

निघताना सर्व्हेअरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, की जळका बोर्ड भिंतीवर असल्याचा एखादा फोटो असता तरी त्यांनी दोन ओळी लिहिल्या असत्या. मग घड्याळाकडे बघत म्हणाले, की आठवडाभर तरी ते रिपोर्ट पाठवत नाहीत, बरीच कामं आहेत. एवढं बोलून ते गाडीत बसले. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर या वाक्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जवळच उभ्या असलेल्या मेकॅनिकलाही नव्हती.

मी दोघांना विचारलं, आगीनंतर, साफसफाईच्या आधी, कुणी फोटो काढला होता का. भाऊचा मोबाइल आग विझवताना पडून फुटला होता. मेकॅनिकने काढलाच नव्हता. शेडमालकाला विचारलं, शेजारच्या पोरांना विचारलं. कुणीतरी आगीच्या धुराचा फोटो लांबून, रस्त्यावरून काढला होता, त्यात नुसता पत्रा आणि धूर. भाऊची बायको दाराशी स्टोव्हवर चहा ठेवत होती. तिने सगळ्यांना चहा दिला, मला बिस्किटांचा पुडा फोडून दिला. मी चहा घेतला आणि तिच्याशी बोलले ते इतकंच, की साखर कमी घालत जा.

दोन दिवसांनी भाऊ आणि मेकॅनिक माझ्या ऑफिसात आले. मग मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, कुदळवाडीच्या भंगारात असले जळके बोर्ड धा पडलेत. एक आणतो, भिंतीला लावतो, काजळी पण लावतो. फोटो काढू, परत उतरवू. झूठ थोडंच है? बोर्ड जळला होताच ना."

तो वाईट बोलत नव्हता. घडलं होतं तेच त्याला परत उभं करायचं होतं. आणि बोर्ड आपण उतरवला हे त्याला सलत होतं, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. भाऊ माझ्याकडे बघत होता. मी हो म्हटलं असतं तर तो उठून गेला असता आणि संध्याकाळपर्यंत फोटो आला असता. सर्व्हेअरसाहेबांनी दोन ओळी लिहिल्या असत्या. शेजारच्या गल्लीत हे रोज होत होतं.

मी नाही म्हटलं. पकडले गेलो तर क्लेम तर जाईलच, वर फसवणुकीची केस होईल, हे मी त्यांना सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण फक्त त्यासाठी मी नाही म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी स्वतःबद्दल फार छान वाटत होतं. मी कपाटाचं दार उघडून त्यांना माझा कागदही दाखवला. भाऊ अक्षर अक्षर लावत वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "मंग ताई, खरं सांगून व्हईल का काम?" मी म्हटलं, होईल, वेळ लागेल, पण मी लढेन.

तो दुसऱ्या कुणाकडे गेला असता तर मला आज बरं वाटलं असतं. चौकात त्या वेळी तीन जण तरी होते ज्यांनी त्याचं काम डोळे मिटून केलं असतं. पण तो गेला नाही. माझ्यावर विश्वास ठेवून बसला.

मी लढले, यात काही खोट नाही. शेजारच्या सहा जणांचे जबाब स्टॅम्पपेपरवर घेतले. भंगारवाल्याची पावती मिळवली, त्यावर नुसतं 'मिक्स माल' लिहिलेलं. खंडेनवमीची प्रथा काय असते यावर मी दोन पानी पत्र लिहिलं. ते पत्र मला अजून पाठ आहे. त्यात एक वाक्य होतं, 'साफसफाईपूर्वीचे कोणतेही छायाचित्र उपलब्ध नाही.' हे वाक्य आपल्याला अडचणीचं आहे हे माहीत असून मी ते लिहिलं, कारण ते खरं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी नकाराचं पत्र आलं. आगीचा उगम सिद्ध होत नाही, अवशेष विमाधारकाने स्वतः हलवले, सबब दावा फेटाळण्यात येत आहे. मी वरच्या ऑफिसला लिहिलं. तिथूनही नकार आला, माझंच छायाचित्राचं वाक्य अवतरणात घालून. पुढे तक्रार करता आली असती, पण हातात नवीन काहीच नव्हतं. त्याच कागदांवर तिसऱ्यांदा नकार घेण्यात अर्थ नाही, असं मी भाऊला सांगितलं. तो बरं म्हणाला. तो नेहमीच बरं म्हणायचा.

उन्हाळ्यात बँकेने मशीनं उचलली. मी गेले नव्हते, मला मेकॅनिकने सांगितलं. क्रेन लावून टेम्पोत ठेवली, भाऊने स्वतः दोर आवळले, म्हणाला, नीट न्या, मशीनचा खालचा बेड वाकडा होईल. मग त्याने एका कंपनीत कंत्राटावर ऑपरेटरचं काम धरलं. वय जास्त म्हणून पगार आधीपेक्षा कमी. चाकणची खोली सोडून ते काळेवाडीत आले. मला वाईट वाटलं, पण इतकंही नाही की झोप उडावी. आपण स्वच्छ वागलो, या विचारावर मी अडीच वर्षं व्यवस्थित झोपले.

मशीनं गेल्यावर अडीच वर्षांनी, पुन्हा नवरात्राच्याच आगेमागे, काळेवाडीच्या भाजीबाजारात भाऊची बायको मला भेटली. मी ओळखलं नसतं, तिनेच हाक मारली. घर जवळच आहे, चहा घेतल्याबिगर जाऊ नका म्हणाली. मला टाळायचं होतं. पण तिने माझी पिशवी हातातून घेतली आणि चालू लागली. दुसऱ्या मजल्यावर एक खोली. भाऊची त्या दिवशी सुट्टी होती. केस पांढरे झाले होते. मला बघून तो उठून उभा राहिला, तसाच, हात जोडून. माझ्यावर त्यांचा कसलाही राग नव्हता. राग असता तर मला वागायला सोपं गेलं असतं.

चहा झाला. मुलीच्या कॉलेजचं बोलणं झालं. भाऊच्या शिफ्टबद्दल विचारलं तर तो म्हणाला, चाललंय. नवा सुपरवायझर पंचविशीचा आहे, पण बरा आहे, विचारलं की सोडतो. मी खाली बघत राहिले.

बोलता बोलता त्याची बायको म्हणाली, "ताई, आमची मशीनं बघायची का? माझ्याजवळ हायती." आणि तिने उशीखालून मोबाइल काढला. काच तडकलेली होती. खंडेनवमीचे फोटो होते, माळा घातलेली दोन मशीनं, शेजारी पांढऱ्या टोपीतला भाऊ. ती एकेक दाखवत होती, घरातल्या माणसांचे दाखवावेत तसे. मग म्हणाली, हे त्याच्या आधीचं, आणि एक व्हिडिओ लावला.

आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा. गावाकडच्या तिच्या भावाने विचारलं होतं, किती जळालंय दाखव, म्हणून तिने शेडमध्ये फिरत फिरत काढलेला. अडीच मिनिटांचा असेल. तिचाच आवाज, रडून बसलेला: "दादा, हे बघ, हिथून पेटलं. ह्यो बोर्ड. हिथून आसं आसं गेलं बघ." मोबाइल बोर्डावर होता. बोर्ड कोळसा झालेला, भिंतीवर काळा पट्टा, पट्ट्याखालून वितळलेली केबल, केबलीमागून कॅमेरा सरकत पहिल्या मशीनपर्यंत, मग दुसऱ्या. एखाद्या सर्व्हेअरने काढला असता तर याहून चांगला काढला नसता. कोपऱ्यात तारीख होती.

मी तो दोनदा बघितला. दाद मागायच्या सगळ्या मुदती उलटून गेल्या होत्या. मशीनं कुठे होती कुणालाच माहीत नव्हतं. मी भाऊला विचारलं होतं, मेकॅनिकला विचारलं होतं, शेडमालकाला, सहा पोरांना, भंगारवाल्याला विचारलं होतं. जिने ती मशीनं रोज पुसली, जी आगीच्या दुसऱ्या दिवशी तिथे होती, जी माझ्या समोर चहा करत होती, तिला मी विचारलं नव्हतं. मी स्वतः बाई असून.

गप्प बसता आलं असतं. चांगला आहे व्हिडिओ, असं म्हणून पिशवी उचलता आली असती. पण ज्याचं काम आहे त्याच्यापासून लपवायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की मी विचारसुद्धा केला नाही. मी सांगून टाकलं. हा व्हिडिओ तेव्हा मिळाला असता तर क्लेम मंजूर झाला असता, मी तुम्हाला विचारायला हवं होतं, चूक सर्वस्वी माझी आहे. अगदी स्पष्ट, एकही शब्द न वळवता. माफी मागितली.

भाऊने आधी बायकोकडे बघितलं. त्याची बायको मोबाइलकडे बघत राहिली.

"म्हंजी ह्ये माझ्यापाशीच व्हतं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, तुमचा काही दोष नाही, तुम्हाला कसं कळणार, विचारायचं काम माझं होतं. तिला ऐकू येत नव्हतं. ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मला वाटलं, ह्ये निस्तं दादासाठी हाय. समदे साहेबलोक आले, मी तिथंच व्हते ओ. मोबाइल माझ्या हातातच व्हता." मग तिने पदर तोंडाला लावला. भाऊ तिच्या पाठीवर हात ठेवून बसला, आणि मी समोर, माझ्या खऱ्या बोलण्यासकट, पाहुण्यासारखी बसून राहिले.

थोड्या वेळाने मी उठले. भाऊ जिन्याने खाली सोडायला आला. स्कूटरपाशी मी पुन्हा माफी मागायला लागले तर त्याने हाताने थांबवलं.

"मला म्हाईत व्हतं, ताई," तो म्हणाला. "ह्या उन्हाळ्यात तिनं मला बी दावला त्यो. बोर्ड बघितला अन् कळलं मला. तुमीच तर समजावलं व्हतं, बोट ठिवून. पर तवर समदं संपलंच व्हतं." वर खिडकीकडे बघून त्याने आवाज खाली केला.

"म्हून मी तिला सांगितलं नव्हतं."